सतरा नंबरच्या लॉकरमधली बाई

टेलरमास्तरांच्या हाताखालून आजवर हजारो खिसे गेले, पण त्यांच्या स्वतःच्या धावायच्या चड्डीला खिसा नव्हता. जुन्या चड्डीला बायकोने शिवून दिला होता, ग्लुकोजच्या गोळ्या ठेवायला. वर्षापूर्वी बायको गेली, मग चड्डी फाटली, आणि नवी त्यांनी विकत आणली. म्हणून त्या दिवशी गोळ्या जिमच्या सतरा नंबरच्या लॉकरमध्येच राहिल्या. फोन आत नेऊ देत नसत, तोही तिथेच.

सकाळी इन्सुलिन घेतलेलं. धावण्याआधी दंडावरच्या सेन्सरने फोनवर साखर एकशे चाळीस दाखवली, पण शेजारचा बाण खाली झुकलेला, म्हणजे साखर उतरत होती. बायकोने आधी केळं खायला लावलं असतं. मास्तर तसेच ट्रेडमिलवर चढले.

पंचविसाव्या मिनिटाला समोरच्या आरशातले मास्तर जरा उशिराने पाय उचलू लागले. आजूबाजूला माणसं होती, पण आवाज कुणाचाच येईना. अंगाला गार घाम सुटला. साखर उतरली हे ओळखून ते भिंत धरत शेजारच्या कपडे बदलायच्या खोलीकडे निघाले.

दाराला बाहेरून कडी. समोर वॉचमन आणि सफाईवाल्या मावशी.

"आत जाऊ नका, मास्तर," वॉचमन म्हणाला. "सतरा नंबरात बाई आहे. म्हणजे लॉकर उघडला तर बाई नाही, नुसता आवाज आहे."

आतून आवाज आला, "अहो, खाली बसा. साखर खा."

मास्तरांच्या बायकोचाच आवाज. दंडावरच्या सेन्सरने साखर कमी दाखवली की फोनने ओरडावं म्हणून तिनेच तो आवाज फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवला होता. मास्तरांनी कधी बदलला नाही.

"माझ्या गोळ्या आणा," ते कसेबसे म्हणाले.

"पांढऱ्या, गोल?" मावशी म्हणाल्या. "त्या आम्ही खाल्ल्या."

"का?"

"ती सांगत होती ना, साखर खा. तीनदा सांगितल्यावर नाही कसं म्हणायचं?"

"मला तर डॉक्टरने गोड बंद केलंय," वॉचमन कुरकुरला.

मास्तर भिंतीवरून घसरले. ते फरशीवर बसले.

"बघ, तिने धरलं यांना," मावशी वॉचमनला म्हणाल्या.

"पाण्यात साखर घालून द्या. लवकर," मास्तर म्हणाले.

मावशींनी चहाच्या डब्यातली साखर पेल्यात ओतली. मास्तर प्यायले. पाऊण तास वाटावा अशी पंधरा मिनिटं गेली, आणि आतला आवाज थांबला. मग मास्तरांनी सेन्सर, फोन, रेकॉर्डिंग असं सगळं समजावलं. वॉचमनचा जीव भांड्यात पडला.

"पण लॉकर उघडलात कसा? आकड्यांचं कुलूप आहे त्याला."

"मी उघडला, याला हाक मारायच्या आधी," मावशी म्हणाल्या. "आकडे तिनेच सांगितले. एकेक करून, सावकाश."

रेकॉर्डिंगमध्ये दोनच वाक्यं होती. मास्तरांनी रिकामा पेला खाली ठेवला. मग जरा सरकून त्यांनी मावशींना बसायला जागा करून दिली.

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणाली, वाळलेत. दुपारचं जेवत नाहीत."

मास्तरांनी मान खाली घातली.

"दुपारी गिऱ्हाईक असतं गं," ते बंद दाराला म्हणाले.