कासविणीचा जाहीर सत्कार

एका जंगलात, बाळांनो, समुद्र होता. हसताय काय? सुरूचं बन पार किनाऱ्यापर्यंत आलेलं, म्हणून समुद्रही जंगलाच्याच हद्दीत. असं राजा वाघोबा म्हणायचा. आणि वाघाशी हद्दीवरून भांडणार कोण?

त्या किनाऱ्यावर एक कासवीण अंडी घालायला यायची. तिचा जन्म तिथलाच, तिच्या आईचाही तिथलाच. कासविणी भारी हट्टी असतात. सगळा समुद्र पालथा घालतील, पण बाळंतपणाला माहेरीच येतील.

यंदा आली, तर माहेर गायब! सुरू तोडलेले, वाळूवर फरशी, फरशीवर हॉटेल. नाव काय, तर 'कासव-माहेर रिसॉर्ट'. मधोमध सिमेंटचं भलंमोठं कासव, त्याच्या तोंडातून कारंजं.

"या, या, कासवीणताई!" प्रधान कोल्होबा धावत आला. "तुमच्यासाठीच केलंय हो हे सगळं!"

"अहो, पण वाळू कुठंय? मला अंडी घालायचीत."

"घाला की! आधी सत्कार."

झालं. चौघांनी उचलून तिला स्टेजवर ठेवलं. शाल झाली, श्रीफळ झालं. वाघोबा भाषणाला उभा राहिला. "कासव ही आपली संस्कृती आहे," म्हणाला, आणि मग कासव राहिलं बाजूला, संस्कृतीवरच बोलत सुटला. इकडे कासविणीला कळा येतायत.

"आवरा हो लवकर," ती कुजबुजली.

"ताई, अजून आभारप्रदर्शन राहिलंय," कोल्होबा म्हणाला.

आभार संपेपर्यंत बिचारीचा जीव कंठाशी आला. स्टेजमागे बांधकामातून उरलेली थोडी वाळू होती. तिथेच तिने खड्डा केला, अंडी घातली, वर वाळू सारखी केली. निघताना कोल्होबाला म्हणाली, "भाऊ, एवढंच मागते. पोरं निघतील तेव्हा दिवे लावू नका. अंधारात समुद्र चमकतो, त्या उजेडाकडे ती चालत जातात. दुसरं काही कळत नाही हो त्यांना."

"ताई, निश्चिंत जा," कोल्होबा म्हणाला. "मी मामा आहे त्यांचा!"

मामाने शब्द पाळला का? ऐका. पिल्लं निघायच्या दिवशी त्याने महोत्सवच ठेवला. भाच्यांचं कौतुक काय अंधारात करायचं? चारी बाजूंना हॅलोजन लावले. झाडांना माळा सोडायच्या होत्या, पण झाडं नव्हती, म्हणून खांबांना सोडल्या. लांबलांबून पाहुणे आले.

दिवेलागणीला वाळू हलली. बोटभर पिल्लं वर आली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि समुद्राकडे पाठ करून सरळ स्टेजकडे निघाली.

"आली, आली!" टाळ्यांचा नुसता कडकडाट.

लाटांमधून कासवीण ओरडत होती, "अरे, इकडे! इकडे या रे!" पण डीजे चालू होता. मला इथे राग येतो, बाळांनो. दर वेळी सांगताना येतो. असो.

वाघोबाला मात्र गहिवरून आलं. माईक ओढून म्हणाला, "बघा, बघा! एवढीशी पिल्लं, पण समुद्र सोडून विकासाकडे धावतायत!"

पिल्लं धावत धावत दिव्यांखालून, स्टेजखालून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी पोचली. तिथलाही दिवा लख्ख होता. दारात मामा उभाच होता. त्या रात्री कोल्होबा पंगतीला बसला नाही. भूक नाही म्हणाला.

समुद्रात एकही पिल्लू गेलं नाही. कासवीण उजाडेपर्यंत पाण्यात वाट बघत राहिली आणि मग गेली ती गेलीच. तिचं माहेर तुटलं.

महोत्सव काही थांबला नाही हं. पुढच्या वर्षी शाल सिमेंटच्या कासवाला घातली. फार गुणी निघालं ते. त्याने वाघोबाचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं, आभारप्रदर्शनही ऐकलं, आणि दिवे घालवा असं एकदाही म्हणालं नाही.

तात्पर्य : कासव जपावं तर सिमेंटचं. त्याला वाळू लागत नाही, अंधार लागत नाही, आणि पोरंही होत नाहीत.