स्ट्रायकरच्या घरचे हातमोजे

आमच्या खालच्या मजल्यावरचे एमिलिओ हात असून नसल्यासारखे वागतात. दार टाचेनं लावतात, कचऱ्याच्या डब्याचं झाकण बुटाच्या टोकानं उडवतात. एकदा माझ्या पिशवीतला बटाटा जिन्यावरून घरंगळला, तर त्यांनी तो पायानंच अलगद उडवून पिशवीत परत टाकला आणि टाळ्यांसाठी थांबले.

नील, सई, तुम्ही मेलबर्नहून फोनवर "आजी, आजी" ओरडता ते त्यांनी ऐकलं, आणि तेव्हापासून त्यांच्यासाठी मी 'फ्राऊ आजी', म्हणजे जर्मनमध्ये 'श्रीमती आजी', आहे.

एमिलिओ मूळचे स्पेनचे. तरुणपणी स्ट्रायकर होते, म्हणजे गोल मारणं हेच काम. ऑलिव्हच्या बागांमधल्या एका खेड्यातून जर्मन क्लबानं त्यांना उचलून आणलं. भराभर गोल होत होते तोवर आमच्या या बॉबलिंगेन गावच्या बेकरीत त्यांना पाव फुकट मिळायचा. मग गुडघा गेला, खेळ संपला आणि पाव विकत घ्यावा लागला. मत्सर मात्र निवृत्त झाला नाही.

टीव्हीवर कोणी गोल मारला की ते हाताची घडी घालून म्हणतात, "आल्झो, तर काय, गोलकीपर झोपला होता." तुमच्या आजोबांनी एकदा एका नव्या खेळाडूचं कौतुक केलं, तर एमिलिओ अर्धा चहा तसाच ठेवून उठले. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा फुलं घेऊन आले होते. मी कौतुकानं पाय वाकवून दाखवला मात्र, त्यांचा चेहराच पडला. "इतका वाकतो?" फुलं परत नेली नाहीत, एवढंच.

पण त्यांना खरा मत्सर हेर ब्राउनचा, म्हणजे श्रीयुत ब्राउन यांचा. हे एके काळी विरुद्ध संघाचे गोलकीपर. त्यांनी एमिलिओंची पेनल्टी अडवली आणि एमिलिओंचा क्लब वरच्या लीगमध्ये जायचा राहिला. पुढे दोघंही याच गावात म्हातारे झाले. आता एमिलिओंची नात लुसिया फुटबॉल शिकते, तेही गोलकीपर म्हणून, आणि तिला शिकवतात कोण? हेर ब्राउन!

लुसिया दर शनिवारी आजोबांकडे जेवायला यायची. मला त्यांचा हेवा वाटायचा, माझी नातवंडं फोनमध्ये असतात म्हणून. पण हळूहळू तिच्या प्रत्येक घासाला 'हेर ब्राउन म्हणतात' सुरू झालं. मग ब्राउननी सराव वाढवला आणि तिचं येणंच बंद झालं.

"माझं रक्त, आणि हातमोजे घालतं!" एमिलिओ आमच्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाले. "गोल अडवणं म्हणजे लग्नात जाऊन बँड बंद करणं."

"तिला आवडतं ना पण?"

"तिला तो आवडतो, फ्राऊ आजी." या वेळी ते हसले नाहीत.

मी म्हटलं, "मग ब्राउनकडे नाही असं काहीतरी तिला द्या."

पुढच्या रविवारी, ज्या दिवशी आवाज नको म्हणून जर्मनीत कोणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही, त्यांनी मला अंगणात बोलावलं. माझा कपडे वाळत घालायचा स्टँड हा गोलचा एक खांब, आणि दुसरा मी. मधे लुसिया; रविवारी सराव नसतो म्हणून तिला बोलावून घेतलं होतं. वर बाल्कनीत तुमचे आजोबा.

"अगं, खांबानं हलायचं नसतं!" ते वरून ओरडले.

"अहो, चेंडू तुमच्या अंगावर येत नाहीये!"

एमिलिओ नातीला म्हणाले, "माझ्या डोळ्यांकडे बघू नकोस. डोळे खोटं बोलतात, माझे तर फारच छान. मारणारा पायही फसवेल. जमिनीवर टेकलेला दुसरा पाय बघ. त्याचं टोक जिकडे, चेंडू तिकडे."

"हे हेर ब्राउनना माहीत आहे?"

"त्याला मी कशाला सांगू? तुझ्या आजीलाही सांगितलं नव्हतं."

शेजारच्या फ्राऊ मायरनी खिडकी उघडून दम देईपर्यंत ते चेंडू मारत राहिले आणि ती अडवत राहिली. स्वतःचा गोल हुकला म्हणून खूश झालेला स्ट्रायकर मी प्रथमच पाहिला.

महिनाअखेरीच्या सामन्याला आम्ही सगळे गेलो होतो. अगदी शेवटी लुसियाच्या संघावर पेनल्टी आली. समोरची मुलगी डोळ्यांनी लुसियाच्या उजवीकडे बघत होती. लुसियाची नजर खाली, त्या मुलीच्या टेकलेल्या पायाच्या बुटावर. लुसिया डावीकडे झेपावली आणि चेंडू अडला!

पालकांनी हेर ब्राउनना घेरलं. "काय तयार केलंय तुम्ही तिला!" आणि ब्राउन मान डोलवत सगळं कौतुक स्वीकारत होते. माझाच जळफळाट झाला. मी एमिलिओंना म्हटलं,

"अहो, सांगा ना त्यांना, तुम्ही शिकवलंत म्हणून!"

"श्शू! बोभाटा झाला, तर उद्या प्रत्येक स्ट्रायकर तिच्यापासून पाय लपवेल." एवढं बोलून ते सरळ ब्राउनकडे गेले आणि म्हणाले, "चांगलं शिकवलंस."

तेवढ्यात लुसिया धावत आली. चिखलानं माखलेले हातमोजे आजोबांकडे देत म्हणाली, "ओपा, धर. शनिवारी सराव झाला की जेवायला येते, तेव्हा घेईन."

घरी येईपर्यंत त्यांनी ते मोजे दोन्ही हातांत धरले होते. इमारतीच्या दाराशी येऊन थांबले. दार नुसतंच लोटलेलं होतं, टाचेनं सहज उघडलं असतं. पण त्यांचं लक्षच नव्हतं.

दार मी उघडलं.