आठ, बारा, दहा, बारा

घरात कीबोर्ड एक होता. त्याला पट्ट्या एकोणपन्नास. त्यांतल्या पांढऱ्या एकोणतीस, काळ्या वीस. एक काळी पट्टी दाबली की वर यायला वेळ घ्यायची, पण ती गाण्यात लागत नव्हती. घरात माणसं तीन, म्हणजे हात सहा. या सहांपैकी कीबोर्ड वाजवता येणारे हात शून्य. कार्यक्रमाला दिवस चौदा.

कार्यक्रम शाळेचा होता. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मुलं सुट्टीचं गाणं म्हणत आणि संगीताच्या बाई पियानो वाजवत. या वर्षी बाई जिन्यावरून घसरल्या आणि त्यांचा डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. मग पालकांना चिठ्ठी आली: "एक डावा हात हवा आहे. उजवा चालू आहे. तीनच कॉर्ड आहेत. इच्छुकांनी कळवावे."

मुंगीचे बाबा जमिनी मोजायचे आणि डावखुरे होते. त्यांनी त्याच दिवशी कळवलं.

"तुला पियानो कुठे येतो?" मुंगीच्या आईने विचारलं. ती दातांची डॉक्टर होती आणि असे प्रश्न समोरच्याचं तोंड उघडं असतानाच विचारायची. आत्ता बाबांच्या तोंडात घास होता.

"पियानो मागितलाच नाहीये त्यांनी," घास संपवून ते म्हणाले. "डावा हात मागितलाय. तो माझा उत्तम आहे."

"आणि नाही जमलं तर?"

यावर मुंगीने ताटावरची मान वर केली. मुंगी नऊ वर्षांची होती. नाव वेगळं होतं, पण आवाज इतका बारीक की शाळेतही सगळे मुंगीच म्हणत. त्या आवाजापायी ती सलग तीन वर्षं समूहगानात मागच्या रांगेत, उंच मुलांच्या आड उभी होती. या वर्षी पहिलं कडवं तिने एकटीने म्हणायचं होतं. बाईंनी तसं ठरवलं होतं, मुख्याध्यापिकांनी नाक मुरडलं होतं.

"नाही जमलं तर गाणं मशीनवर लावणार," मुंगी म्हणाली. "मशीनवरच्या गाण्यात एकटीचं कडवं नाहीये. सगळ्यांनी मिळूनच आहे. मग मी परत मागे."

"जमेल," बाबा म्हणाले, आणि त्या क्षणापासून ही गोष्ट त्यांच्या अंगावर आली.

बाईंनी एक कागद पाठवला आणि स्वतःच्या उजव्या हाताचं रेकॉर्डिंग फोनवर धाडलं. कागदावर तीन कॉर्ड होते. प्रत्येक कॉर्डचे सूर एकदम न दाबता सुटेसुटे वाजवायचे: आधी खालचा, मग वरचा, मग मधला, मग पुन्हा वरचा. हे चार ठोके झाले की पुढचा कॉर्ड. चार वेळा चार ठोके झाले की मुंगीने गायला लागायचं. बाबांनी कागद दोनदा वाचला आणि ठरवलं की सुरांच्या नावांशी आपल्याला कर्तव्य नाही. प्रत्येक पट्टीला नंबर दिला की काम भागलं.

"मधली पट्टी धर आणि तिथून मोज," आई म्हणाली. "दात आम्ही मधूनच मोजतो. पुढचा एक, त्याच्या शेजारचा दोन, असं करत अक्कलदाढ आठ."

"मधूनच का?"

"मधली रेघ कुठल्याही तोंडात सापडते. कडेची दाढ कुणाला असते, कुणाला नसते."

"जमिनीचं उलट आहे," बाबा म्हणाले. "मध्य कुठेय यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. हद्दीचा दगड मात्र जागेवर असतो. मी डाव्या हद्दीपासून मोजणार."

त्यांनी डाव्या टोकाची पांढरी पट्टी एक धरली आणि लाल टिकल्या चिकटवल्या. पहिला कॉर्ड आठ, बारा, दहा, बारा. दुसरा अकरा, पंधरा, तेरा, पंधरा. तिसरा बारा, सोळा, चौदा, सोळा. हे त्यांनी खिशातल्या वहीत लिहिलं, तारीख घातली आणि खाली सही केली.

पहिले तीन दिवस करंगळी ऐकेना. चौथ्या दिवशी ती ऐकायला लागली, पण अंगठा रुसला. सहाव्या दिवशी पहिला कॉर्ड सलग वाजला आणि बाबांनी शेजारच्या आजोबांना बोलावून तो ऐकवला. आजोबांनी शांतपणे ऐकलं आणि "पुढे काय होतं?" असं विचारलं. पुढचं अजून व्हायचं होतं.

अडचण अशी की बाबांना वाजवताना नंबर मोठ्याने म्हटल्याशिवाय वाजवता येत नव्हतं. हळूहळू न वाजवतानाही ते नंबर म्हणायला लागले. दात घासताना, जिना उतरताना, भाजी निवडताना डाव्या हाताची बोटं जे काही समोर असेल त्यावर चालायची आणि तोंड पुटपुटायचं, "आठ, बारा, दहा, बारा." तिकडे दवाखान्यात आईने एका बाईंची दाढ तपासता तपासता "आठ, बारा" असं म्हटलं, तर त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "एवढे काढायचेत?"

नवव्या दिवशी बाबा दोन भावांच्या शेताची हद्द मोजायला गेले. यंत्र लावून झाल्यावर ते कागदाची वाट बघत उभे होते आणि सवयीने यंत्राच्या तिपाईवर बोटं वाजवत नंबर म्हणत होते. धाकट्या भावाने ते सगळं कान देऊन ऐकलं आणि लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत आला.

"साहेब, मला आठ आणि दहा, आणि दादाला बारा दोनदा. हे कसं काय?"

"ते तुमच्या शेताचं नव्हतं."

"मग कुणाच्या?"

"ते गाण्याचं होतं."

धाकट्याने लिहून घेतलेला कागद घडी करून खिशात ठेवला. मग त्याने फेरमोजणीचा अर्ज दिला. कचेरीने फेरमोजणीसाठी जो दिवस दिला तो नेमका बारावा होता, आणि बाराव्या दिवशी दुपारी तीन वाजता शाळेच्या हॉलमध्ये बाबांची बाईंबरोबर एकुलती एक तालीम होती. फेरमोजणीत हद्द जिथे होती तिथेच निघाली. बाबा शाळेत पोचले तेव्हा सव्वापाच झाले होते आणि हॉलला कुलूप होतं.

त्यांनी बाईंना फोन लावला.

"काळजी करू नका, मुंगीचे बाबा," बाई म्हणाल्या. "रेकॉर्डिंगबरोबर जमतंय ना?"

"एकही चूक होत नाही."

"मग झालं तर. पियानो म्हणजे काय, मोठा कीबोर्डच."

हे वाक्य खरं होतं, आणि घोटाळा त्यातल्या 'मोठा' या शब्दात होता. ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी बाबा गाण्याच्या अर्धा तास आधी आले. पडदा बंद होता. मागे पियानो होता. त्यांनी झाकण उघडलं आणि पट्ट्या मोजल्या. पांढऱ्या बावन्न भरल्या. घरच्यापेक्षा तेवीस जास्त. त्यांनी कंबरेवर हात ठेवून विचार केला. जास्तीची जागा निघाली की ती कुणाची, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. डावी हद्द ठरलेली आहे, म्हणजे वाढीव सगळं उजव्या अंगाला, म्हणजे बाईंकडे. बाईंना ऐसपैस झालं, आपलं काही बिघडत नाही. त्यांनी डावीकडून आठपर्यंत मोजलं, खात्रीसाठी पुन्हा मोजलं आणि टिकल्या चिकटवल्या. वाजवून बघायची सोय नव्हती, कारण पडद्यापलीकडे लोक येऊन बसले होते आणि मुख्याध्यापिकांचं भाषण चालू होतं.

आई पडद्याच्या फटीतून आत डोकावली.

"मोजलंस?"

"दोनदा."

"कुठून?"

"हद्दीपासून."

"अरे, एकदा मधून बघ ना."

"आता मोजणी झाली," बाबा म्हणाले.

घरचा कीबोर्ड 'सा'पासून सुरू होत होता. शाळेचा पियानो अंगाने थोर असल्यामुळे त्याच्या आधीच, बराच खालून, सुरू होत होता. त्यामुळे बाबांची आठ नंबरची पट्टी घरच्यापेक्षा एक अख्खं सप्तक आणि वर दोन पट्ट्या एवढी खाली आली होती. सप्तकाचं एक वेळ चाललं असतं, नुसता आवाज खर्जातला आला असता. पण त्या दोन पट्ट्यांनी तिन्ही कॉर्डचा स्वभाव पालटला. जे तीन घरी हसरे होते ते इथे तिन्ही रडवे होते. हे विज्ञान बाबांना माहीत नव्हतं.

बाई प्लास्टर सावरत घाईने आल्या आणि बाकावर उजवीकडे बसल्या. मागे बत्तीस मुलं कागदाचे सूर्य घेऊन उभी होती. मुंगी पुढे. पडदा सरकला. बाईंनी मान हलवली आणि बाबांनी आठ नंबरवर करंगळी ठेवली.

आवाज जमिनीखालून आल्यासारखा आला. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी खुर्चीचा दांडा धरला.

"वर या," बाई ओठ न हलवता म्हणाल्या.

"कुठे?"

"उजवीकडे. हात उजवीकडे सरकवा."

"उजवीकडे तुमची जागा आहे, बाई," बाबा म्हणाले. "दहा, बारा."

"माझी नाही हो. दोन पट्ट्या सरका आणि वरच्या सप्तकात या."

"मी मोजून बसलोय. अकरा, पंधरा."

चार वेळा चार ठोके झाले. आता थांबता येत नव्हतं, कारण मुंगीने श्वास घेतला होता. बाईंनी नाइलाजाने उजवा हात चालू केला. वर तीच हसरी चाल आणि खाली हा खर्जातला शोक. ते बेसूर लागायला हवं होतं. तसं लागलं नाही. कुणीतरी लांबच्या प्रवासाला निघालंय आणि हसून निरोप देतंय, असं लागलं.

गाण्याचे शब्द सुट्टीचेच होते:

खुंटीला दप्तर, पायात वारा,
आम्ही निघालो, आम्ही निघालो,
फळ्या रे, पुसून घे अक्षरं सारी,
आम्ही निघालो, आम्ही निघालो.

तालमीत मुंगी हे उड्या मारत म्हणायची. आता पायाखालच्या फळ्या गुरगुरत होत्या, तेव्हा उडी काही तिला सुचेना. ती स्थिर उभी राहिली आणि सावकाश गायली, कारण बाबाही घाबरून सावकाश झाले होते. बाईही सावकाश झाल्या. मागच्या मुलांनी दर ओळीला सूर्य वर न्यायचा होता. तो त्यांनी हळूहळू छातीशी आणला. "फळ्या रे" येईपर्यंत दुसऱ्या रांगेतला एक धिप्पाड गृहस्थ चष्मा काढून पुसत होता. तिसऱ्यांदा "आम्ही निघालो" आलं तेव्हा समूहातला सगळ्यात उंच मुलगा हुंदका देऊन खाली बसला आणि त्याच्या शेजारच्या दोघी त्याला धरायला वाकल्या. पालकांनी एकमेकांना रुमाल द्यायला सुरुवात केली. आईकडे दवाखान्यातला कापूस होता, तो तिने रांगेत वाटला.

"थांबू का?" बाबांनी विचारलं.

"थांबलात तर याद राखा," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला त्यांच्याकडे मोकळा हात नव्हता.

गाणं संपलं तेव्हा टाळ्या आल्या नाहीत. सगळे गप्प बसून होते. ठरल्याप्रमाणे मुख्याध्यापिकांनी मंचावर येऊन शिट्टी वाजवायची आणि "लागली सुट्टी" असं ओरडायचं होतं. त्या आल्या, शिट्टी तोंडापर्यंत नेली आणि परत खाली आणली.

"मुलांनो," त्या म्हणाल्या, "याल ना परत?"

बत्तीस मुलांनी माना हलवल्या.

"अकराच दिवस आहेत," मुख्याध्यापिका म्हणाल्या. ते त्यांनी बहुधा स्वतःलाच सांगितलं. मग त्या मुंगीजवळ गुडघ्यावर बसल्या, आणि तेव्हा कुठे टाळ्या सुरू झाल्या.

पडदा पडल्यावर बाईंनी बाबांच्या टिकल्या पाहिल्या, डावीकडून बोट ठेवत पट्ट्या मोजल्या आणि सगळा प्रकार त्यांना समजावून सांगितला. बाबांनी वही काढली. आठसमोर लिहिलेलं खोडलं नाही, बाजूला 'हद्द चुकली' असं लिहिलं आणि सही केली.

"मुंगी, बेटा, चूक माझी झाली," ते म्हणाले. "तुझं आनंदाचं गाणं होतं."

"मला काही कळलंच नाही," मुंगी म्हणाली. "मी नेहमीसारखं म्हटलं. पण बाबा, एवढे गप्प का बसले होते सगळे? बोलत पण नव्हते. मला माझाच आवाज ऐकू येत होता."

हॉल रिकामा होत होता. शेवटच्या रांगेमागे, भिंतीला टेकलेल्या स्टुलावर, दिव्यांची बटणं सांभाळणारे काका डबा आवरत होते. बाबा त्यांच्याकडे गेले.

"काका, इथपर्यंत काही ऐकू आलं का? पहिलं कडवं? पोरीचा आवाज फार बारीक आहे."

"शब्द न् शब्द," काका म्हणाले. "दिवा लावायचा राहिला माझा एक, त्या नादात."

बाबांनी पिशवीतून मोजणीची टेप काढली. मुंगीने तिचं एक टोक मंचाच्या कडेला, ती जिथे उभी होती तिथे धरलं. दुसरं टोक घेऊन बाबा काकांच्या स्टुलापर्यंत चालत गेले आणि वाकून आकडा वाचला.

अठरा मीटर सदतीस सेंटिमीटर.