घर्षण नाही असे समजा

"घर्षण नाय असं समजा? कुनाला इचारून समजायचं?"

संध्याकाळचे सात. खालच्या मजल्यावरचे म्हात्रे आबा फोनवर ओरडत होते. पलीकडे पुण्याची नात आर्या, अकरावी सायन्स, फिजिक्सचा गृहपाठ. खरं तर फोनची गरजच नव्हती. आबांचा आवाज खंडाळ्याचा घाट स्वतःच्या पायांनी चढून जातो. पनवेलच्या नव्या विमानतळावरची विमानंसुद्धा, मी ऐकलंय, आबांचं बोलणं संपेपर्यंत वरच घिरट्या घालतात.

आबांनी चाळीस वर्षं डंपर चालवला. त्यामुळे पुस्तकातला दोन किलोचा ठोकळा गुळगुळीत उतारावरून घसरू लागला, की आबा त्याला आडवे जातात. "नेऱ्याच्या उतारावर घर्षण नसतं ना, तर तुजा आजा भरल्या डंपरासकट उरनच्या खाडीत गावला असता!"

गाडी स्थिर त्वरणाने निघाली, की पहिला सवाल, "लोडेड का खाली?" मनोऱ्यावरून दगड सोडला, की, "खाली कोन उभा हाय ते बघितलं का?" एकदा ही शंका फिटेना म्हणून त्यांनी गच्चीवरून नारळ सोडला. त्याला किती सेकंद लागले हे विज्ञानाला कधीच कळलं नाही, कारण घड्याळ घेऊन खाली उभे असलेले आमचे सेक्रेटरी नारळाच्या आधी निघाले होते. ते थेट कळंबोलीला सापडले.

एकेक गणित तीन-तीन संध्याकाळी चालायचं. उत्तर कधीच नाही. शेवटी ठरलेलं वाक्य, "डोकं तापलं पोरी. उरलेलं उद्या."

मी इंजिनियर. म्हणजे सोसायटीचा पंप बिघडला की ज्याला झोपेतून उठवतात तो. मला वाटलं, या अज्ञानावर उपाय माझ्याच हातात आहे. आर्याचा नंबर होताच. एका रविवारी तिच्याकडून अख्खा धडा मागवला, सव्वीसच्या सव्वीस गणितं सोडवली आणि फोटो पाठवून दिले. "थँक यू काका!" आलं, तीन बदामांसकट. नातीचं कल्याण झालं, आणि मला बातम्या ऐकायला शांतता.

सोमवारी सात वाजले. आवाज नाही. मंगळवारी नाही. बुधवारी बातम्या स्वच्छ ऐकू येत होत्या आणि डोक्यात एकही शिरत नव्हती. गुरुवारी मी खाली गेलो.

आबा खुर्चीत बसले होते. फोन मांडीवर, चार्जरला लावलेला. टीपॉयवर अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक, हाताळून हाताळून फुगलेलं. शेजारी वही. मी सहज उघडली. त्याच धड्याची सव्वीस गणितं, डंपरच्या चाकांसारख्या गरगरीत अक्षरात, एकही पायरी न गाळता. सगळी बरोबर. सतरावं माझं चुकलं होतं, त्यांचं नव्हतं.

"आबा, तुम्हाला येत होती ही?"

"येत व्हती."

"मग रोज एवढी बोंबाबोंब कशाला करायचात?"

आबांनी फोन उचलून पाहिला आणि पुन्हा मांडीवर ठेवला.

"उत्तर सांगितलं का ती फोन ठेवते."