जागच्या जागी तीनशे किलोमीटर

वायसर नऊ निघाले, आणि काटासाहेबांच्या मनात पाल चुकचुकली.

बाहेरच्या खोलीत फरशीवर घरात व्यायाम करायच्या सायकलचे सुटे भाग पसरले होते. दोन जाड पाय, सीटचा दांडा, हँडल, दोन पेडलं, एक जडशीळ चाक आणि पाने, नटबोल्ट, वायसर यांची एक पिशवी. चादरीवर मांडी ठोकून काटासाहेब एकेक वस्तू कागदावरच्या यादीशी ताडून पाहत होते.

"कागदावर आठ वायसर आहेत. पिशवीत नऊ."

"मग बरंच झालं की," बायको आतून म्हणाली. "एखादा हरवला तर कामाला येईल."

"अगं, कमी देणारा साधा चोर असतो. जास्त देणारा महाचोर! ज्या ज्या दुकानदाराने मला हसून मूठभर जास्त घातलं, त्याच्या तागडीखाली मला चुंबक सापडलाय."

काटासाहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सव्वीस वर्षं लोकांचे तराजू तपासून तपासून त्यांची नजर अशी झाली होती की, कोणी नमस्कार केला तरी तो पूर्ण वाकून केला की अर्धा, हे ते आधी मोजत. बाजाराने त्यांना काटासाहेब हे नाव ठेवलं होतं, आणि आता घरच्यांनाही त्यांचं खरं नाव आठवायला दोन क्षण लागत.

ही सायकल त्यांनी हौसेने आणली नव्हती. डॉक्टरांनी त्यांचं पोट दाबून पाहिलं, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि रोज व्यायाम करा म्हणून बजावलं. ही बातमी बायकोने आपल्या धाकट्या भावाला कळवली. तो एका निवासी शाळेत खेळाचा मास्तर होता. पहाटे पाचला शिट्टी फुंकून दोनशे पोरांना उठवणारा, सुट्टीच्या दिवशीही शिट्टी गळ्यात घालून जेवणारा माणूस.

"भावोजी, सायकल पाठवतोय," त्याने फोनवर सांगितलं होतं. "महिन्याभरात मीटरवर तीनशे किलोमीटर दिसले पाहिजेत. रोजचे दहा. नाही दिसले, तर मी येणार आणि तुम्हाला इकडे घेऊन येणार. एक महिना. पहाटे पाच, पळणं, उकडलेल्या भाज्या."

काटासाहेबांना जगात दोनच गोष्टींची धास्ती होती. एक, आपल्या हातून खोटा काटा खरा म्हणून पास होणं. दुसरी, ती शिट्टी.

जोडणी पुढे सरकली. पाय बसले, हँडल बसलं. उजवं पेडल बसलं. डावं मात्र बसेना. काटासाहेबांनी पाना लावून जोर केला, दात-ओठ खाल्ले, बनियन घामाने भिजलं.

"आटे खराब आहेत. कुठेतरी पाणी मुरतंय!"

बायकोने कागद उचलला. "अहो, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात म्हणे. डावीकडे फिरवून आवळायचं."

"डावीकडे फिरवलं की वस्तू सैल होते. जगभर."

"कागदावर लिहिलंय."

"कागदावर वायसरही आठ लिहिलेत!"

बायको खाली बसली, दोन बोटांनी पेडल डावीकडे फिरवलं, आणि ते लोण्यात सुरी शिरावी तसं आत गेलं. पान्याचा एक हिसका देऊन तिने ते पक्कं केलं. काटासाहेब तिच्याकडे बघत राहिले.

"तुला आधीपासून माहीत होतं?"

"मला वाचता येतं," ती म्हणाली आणि शाळेचे पेपर तपासायला निघून गेली. ती गणिताची बाई होती. परीक्षेच्या हॉलमध्ये तिने नुसती मान वळवली तरी मागच्या बाकावरच्या चिठ्ठ्या आपोआप गिळल्या जात.

सायकल उभी राहिली. काटासाहेब वर चढले. घरातला सैल पायजमा आणि सपाता अशा थाटात. सीटवरचं प्लास्टिक त्यांनी काढलं नाही, कारण माल परत करायची वेळ आली तर तो कोरा दिसला पाहिजे. हँडलखाली एक लाल बटण होतं. ते कशाला आहे याची खात्री नसल्याने त्यांनी त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं.

पहिली दोन मिनिटं मजेत गेली. मग दम लागला म्हणून त्यांनी पाय थांबवले. पाय थांबले, सायकल थांबली नाही. जड चाकाने वेग घेतला होता आणि पेडलं आपली गरगरत होती. एका सपातेने बैठकीपर्यंत झेप घेतली. मोकळ्या पेडलने काटासाहेबांच्या नडगीवर असा फटका मारला की त्यांच्या तोंडून निघालेला आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"अगं, हिला थांबव! ही ऐकत नाही!"

बायकोने येऊन लाल बटण खाली दाबलं. चाक जागच्या जागी थांबलं.

"ब्रेक आहे तो. आणि पायात बूट घालायचे, पायजमा आवरायचा, चाक थांबेपर्यंत पाय काढायचे नाहीत. सगळं लिहिलंय."

काटासाहेबांची नडगी वांग्याएवढी सुजली. त्यांनी कानाला खडा लावला, परत त्या जनावरावर बसायचं नाही. पण मीटरवर तीनशे तर दिसले पाहिजेत. नाहीतर शिट्टी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बायको शाळेत गेली. काटासाहेबांचं ऑफिस साडेदहाचं. त्यांनी भिंग घेतलं आणि सायकलची सरकारी पद्धतीने तपासणी केली. दहा मिनिटांत भानगड कळली. चाकावर छोटासा चुंबक, समोर दांडीवर एक काळी डबी. चुंबक डबीसमोरून गेला की मीटर पुढे. कोण बसलंय, बसलंय की नाही, याच्याशी मीटरला काही देणंघेणं नाही.

"असलं मीटर मी जन्मात पास केलं नसतं," असं पुटपुटत त्यांनी शेजारी स्टूल ओढलं, डाव्या हातात वर्तमानपत्र धरलं आणि उजव्या हाताने पेडल फिरवायला लागले.

सव्वीस वर्षांची नोकरी त्या वेळी त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. पण पाच किलोमीटरला हात लुळा पडला. उरलेले पाच संध्याकाळी बघू म्हणत ते ऑफिसला गेले.

संध्याकाळी घरी आले तर मास्तरांचा फोन चालू होता. "हो रे, बघून सांगते," म्हणत बायको मीटरकडे वाकली. 

"दहा."

काटासाहेब चटकन जाऊन बघून आले. दहा. अगदी दहा पूर्णांक शून्य.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मीटर पंधरावर सोडलं. संध्याकाळी वीस. तिसऱ्या दिवशी पंचविसावर सोडलं. संध्याकाळी तीस. ना रेघभर कमी, ना रेघभर जास्त.

दुसरा कोणी असता तर देवाचे आभार मानून झोपला असता. काटासाहेबांची झोप उडाली. इतकं अचूक माप जगात कोणी कोणाला देत नाही! यात कोणाचा तरी फायदा होता. पण कोणाला विचारणार? "मी पाचच फिरवले, वरचे पाच कुठून आले?" असं विचारलं की आपणच उघडे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आधी संशय मीटरवर गेला. त्यांनी फेरे मोजून पाहिले, मीटर बरोबर होतं. मग मास्तरांवर. त्याने आपल्याला अडकवायला मीटरमध्ये काही घातलं असेल? पण तो शंभर कोसांवर. मग शेजारच्या निवृत्त टायपिस्टवर. घराची जादा किल्ली त्यांच्याकडे असायची. काटासाहेब साखर मागायच्या निमित्ताने गेले.

"काका, जरा पोटरी दाखवता?"

"काय दाखवू?"

"पोटरी. हल्ली व्यायाम बियाम करता का?"

टायपिस्टकाकांनी साखर दिली आणि दाराला आतून कडी घातली. त्या दिवसापासून त्यांनी कामवालीलाही सांगून ठेवलं की काटासाहेब आले तर मी घरात नाही.

बायकोचं नाव काटासाहेबांनी यादीत सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. जेवण तिच्या हातात होतं.

शेवटी त्यांनी जाताना दोन्ही पेडलांवर आणि सीटवर टाल्कम पावडर भुरभुरली. संध्याकाळी भिंग लावून पाहिलं. मीटरवर पूर्ण पाच वाढले होते. सीटवरची पावडर तशीच, प्लास्टिकला सुरकुती नाही. पेडलांवर बुटाचा ठसा नाही. फक्त डाव्या पेडलवर चार बोटं उमटली होती.

म्हणजे चालवणारा बसलाच नव्हता! चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीमागे उभे राहिले. दीड वाजता दार उघडलं. बायको आली. पाणी प्यायली. मग तेच स्टूल ओढलं, मांडीवर गणिताच्या पेपरांचा गठ्ठा घेतला, उजव्या हातात लाल पेन, आणि डाव्या हाताने शांतपणे पेडल फिरवायला लागली. मध्येच एखाद्या पोराच्या उत्तराने वैतागली की पेडल जोरात फिरे.

चादरीला शिंक आली.

"बाहेर या," बायको मान वर न करता म्हणाली. "आणि ती चादर ओढू नका, ओली आहे."

काटासाहेब बाहेर आले. "तू! वर्गात कॉपी पकडतेस आणि घरात पुरवतेस?"

"तुम्ही दुकानदारांची मापं पकडता आणि घरात काय करता?"

"तुला कसं कळलं?"

"पेडलला वर्तमानपत्राची शाई लागते रोज. आणि सीटचं प्लास्टिक अजून कोरं. पहिल्या दिवशी मीटर पाचवर दिसलं. म्हटलं, दमले बिचारे. दादागिरी करणारा भाऊ माझा, मग उरलेले पाच मीच भरायला नकोत?" तिने एका पेपरवर भोपळा काढला. "तो नेईल हो तुम्हाला खरंच. तिथे तुमची औषधाची गोळी कोण आठवणीने देणार?"

पूर्ण माप देणारं माणूस त्यांना सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच भेटलं होतं, आणि तेही घरात.

"पण सव्वापाच का नाही फिरवलेस कधी? निदान संशय तरी आला नसता."

"सांगितलेत दहा, तर दहाच. गणितात सवलत नसते."

त्यानंतर लपवाछपवी संपली. सकाळी पाच त्यांचे, दुपारी पाच तिचे. तिसाव्या दिवशी मीटरवर तीनशे झाले आणि दारात मास्तर उभे राहिले, गळ्यात शिट्टी.

"शाब्बास भावोजी!" मीटर पाहून मास्तरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "आता वजन बघू."

या बाजूने कोणी विचारच केला नव्हता. काटासाहेबांनी कपाटातला आपला काटा काढला. स्वतः दर महिन्याला प्रमाणित वजनं ठेवून पडताळलेला. ते वर उभे राहिले. महिन्यापूर्वी अठ्ठ्याऐंशी होते. आता एकोणनव्वद.

बायकोने डोळे मिटले.

मास्तरांनी काट्याकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं, आणि मोठ्याने हसले. "अहो भावोजी, तीनशे किलोमीटर मारल्यावर वजन वाढेलच कसं? हा काटा खोटा आहे तुमचा! फेकून द्या. चला, तुम्ही पास. ताई, चहा टाक."

सुटका झाली होती. फक्त गप्प बसायचं होतं. बायको डोळ्यांनी सांगत होती, गप्प बसा. काटासाहेबांनी ओठ घट्ट दाबले. कान लाल झाले. मग नाकाचा शेंडा.

"काय म्हणालास? खोटा?"

"जाऊ द्या हो, जुना झाला असेल."

"खोटा? माझा काटा?" काटासाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, दहा ग्रॅमचा फरक दाखव, नोकरी सोडतो! काटा शंभर टक्के खरा आहे! खोटी सायकल चाललीय! हाताने फिरवलीय मी, स्टुलावर बसून!"

"तीनशे किलोमीटर?"

"दीडशे," काटासाहेब म्हणाले, कारण आता चुकीचा आकडा त्यांना सोसवेना.

"आणि दीडशे मी," बायको हळूच म्हणाली.

मास्तरांनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. "बॅग भरा, भावोजी."

बॅग भरली गेली. बायकोने गोळ्यांच्या डबीवर वार लिहून दिले. जिना उतरताना काटासाहेब बळीच्या बकऱ्यासारखे दिसत होते. गाडीत मास्तरांनी महिन्याचा बेत सांगितला. "आमचं मैदान एका फेरीला चारशे मीटर. तुम्ही रोज दहा फेऱ्या."

"चारशे?" काटासाहेब इतक्या वेळात पहिल्यांदाच सावरून बसले. "कोणी मोजलंय?"

"चारशेच आहे. बोर्ड लावलाय."

"बोर्ड कोणी तपासलाय?"

आठव्या दिवशी संध्याकाळी बायकोला भावाचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"ताई, उद्या भावोजींना सोडायला येतोय."

"अगं बाई, बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीय! पहाटे चारला, माझ्या शिट्टीच्या आधी उठतात. फीत घेऊन दिवसभर मैदानाला फेऱ्या घालतात. सरळ मोजतात, उलटं मोजतात, आतल्या कडेने, बाहेरच्या कडेने. काल मुख्याध्यापकांना आणि सगळ्या पोरांना गोळा करून जाहीर केलं. माझ्या पोरांचे बारा वर्षांचे सगळे विक्रम रद्द झालेत."

"ते राहू दे. कमी किती झालं ते सांग."

"भावोजींचं चार किलो," मास्तर म्हणाले. "आणि माझं मैदान नऊ मीटर."