अंगणातली नारिंगी काठी

बनुआ मालतेचं बर्फ फेकायचं यंत्र त्या सकाळी पुन्हा तुंबलं, आणि बनुआने चर्चमधली भांडी बाहेर काढायला सुरुवात केली. त्या गावात चिडलेला माणूस शिव्या देताना कुणाच्या आई-बहिणीपर्यंत जात नाही. तो थेट चर्चमध्ये शिरतो आणि वेदीवरची पवित्र वस्तू एकेक नाव घेऊन आपटतो. आधी चषक झाला. मग प्रसादाची डबी झाली. यंत्राच्या सोंडेत मोडक्या हॉकी स्टिकचा दांडा खुपसत बनुआ वेदीमागच्या कपाटापर्यंत पोचला, तेव्हा समोरच्या घरातले म्हातारे फादर क्लेमाँ खिडकी उघडून म्हणाले,

"बनुआ, धूपदाणी राहिली."

"येतोय फादर. ओळीनेच घेतोय."

"घे, घे. हल्ली या गावात त्या वस्तूंची आठवण तूच तेवढी काढतोस." खिडकी बंद झाली.

पायरीवर उभी असलेली बनुआची मुलगी नोएमी मफलरमध्ये तोंड खुपसून हसली. तिला उघड हसायची सोय नव्हती, कारण गाडीत आई बसली होती, आणि आईच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काहीच नव्हतं.

दुखणं यंत्राच्या घशाचं होतं. भुरभुरीत बर्फ ते मुकाट्याने खायचं आणि सोंडेतून बाजूला फेकायचं. पण नगरपालिकेचा बर्फ ढकलणारा नांगर पहाटे रस्ता साफ करत जायचा तो प्रत्येक अंगणाच्या तोंडाशी मीठ घातलेल्या ओल्या लगद्याची एक भिंत घालून जायचा. तो लगदा यंत्राला गिळवायचा नाही आणि थुंकवायचाही नाही. भिंतीच्या आत गाडी, गाडीत नोएमीची आई जोझे, अंगावर नर्सचा पोशाख, आणि हॉस्पिटलात तिची वाट बघत बसलेली रात्रपाळीची नर्स.

जोझेने काच खाली केली. "बनुआ, आज परत उशीर. पुढच्या वेळी झाला ना, तर मी गोद्रोला फोन करणार."

बनुआच्या हातातला दांडा गळून पडला.

गोद्रोकडे ट्रॅक्टर होता. हिवाळ्याचे पैसे एकदा दिले की तो सकाळी येऊन अंगण साफ करून जायचा, आणि आपलं गिऱ्हाईक ओळखू यावं म्हणून अंगणाच्या तोंडाशी दोन नारिंगी काठ्या रोवायचा. गोद्रोच्या लेखी त्या खुणेच्या काठ्या होत्या. उतारावरच्या त्या गल्लीत मात्र त्यांचा अर्थ एवढाच होता, की या घरातल्या पुरुषाने हात टेकले. एकेक करत सगळ्यांनी टेकले होते. फादरांच्या अंगणातही काठ्या होत्या, पण देवाच्या माणसाने हात टेकायचेच असतात. राहिला होता एकटा बनुआ. त्याचे वडील अदेलार मरताना सांगून गेले होते, "माझ्या छातीवर क्रॉस रोवा, पण अंगणात काठी रोवू देऊ नका." बायकोला सांभाळ वगैरे सांगायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

शनिवारी जोझेचा भाऊ दानी जेवायला आला. शनिवारी जोझे तूर्तिएर करायची, म्हणजे कचोरीसारखं खिमा भरून भट्टीत भाजलेलं परातीएवढं प्रकरण, आणि दानीमामाला त्याचा वास गावाच्या दुसऱ्या टोकाला यायचा. दानीमामा भाड्याच्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहायचा. त्याच्याकडे अंगण नव्हतं, गाडी नव्हती, फावडंसुद्धा नव्हतं. त्यामुळे बर्फाबद्दलची त्याची मतं अगदी ठाम होती.

"दाजी, सोंड आतून डुकराच्या चरबीने माखा," तूर्तिएरचा दुसरा तुकडा वाढून घेत तो म्हणाला. "लगदा असा सुळ्ळकन जाईल. माझा शब्द."

बनुआने जोझेचा चरबीचा अख्खा डबा सोंडेत रिकामा केला. पहिली काही मिनिटं लगदा खरोखर सुळ्ळकन गेला. मग चरबी गोठली, तिला बर्फ चिकटला, आणि वासाने गल्लीतली कुत्री यंत्राभोवती लग्नाच्या पंगतीसारखी बसली. बनुआ किटलीतल्या गरम पाण्याने सोंड धूत होता, तेव्हा फादरांची खिडकी पाच-सहा वेळा तरी उघडली.

पुढच्या शनिवारी दानीमामा पुन्हा हजर. चरबीचं नाव नाही. "दाजी, आपण घशाला औषध देत बसलो. रोग पोटात आहे." त्याने यंत्रात वाकून बोट घातलं. "आतला पंखा बघा. पात्यांची टोकं आणि भोवतालचं पिंप, यांच्यात ही एवढी फट. लगदा तिथून मागे घसरतो. पात्यांना रबर लावा, फट बुजवा. मग बघा कसं फेकतंय."

दुर्दैव असं, की हे खरं होतं. दानीमामा क्वचित कधी खरं बोलायचा, आणि ते नेहमी कुणाला तरी भोवायचं.

"दुकानात तयार पट्ट्या मिळतात, बाबा," नोएमी म्हणाली. "बोल्टांसकट. लावायच्या कशा त्याचा कागदही असतो."

"दुकानात," दानीमामा खिन्नपणे म्हणाला. "ऐकलंत दाजी? अदेलारकाकांनी दुकानातून काही आणलं होतं का कधी?"

"हे यंत्र आणलं होतं," नोएमी म्हणाली.

पण वडिलांचं नाव निघालं की बनुआला पुढचं ऐकू यायचं नाही. "पण रबर कुठलं लावायचं, मेहुणेबुवा? जाड पाहिजे."

दानीमामाने तळघराच्या दाराकडे हनुवटी केली. "या घरात रबराला तोटा आहे होय?"

तळघरात बर्फावरच्या हॉकीच्या चकत्यांनी भरलेली बादली होती. नोएमी शाळेच्या संघाची गोलकीपर. ताशी कितीतरी मैलांच्या वेगाने अंगावर येणाऱ्या त्या काळ्या, दगडासारख्या रबरी चकत्या अडवण्यात तिचं बालपण गेलं होतं. ती सरावाला गेली तेव्हा दोघांनी करवत काढली, चकत्या अर्ध्या अर्ध्या कापल्या आणि पंख्याच्या एकेका पात्याला एकेक अर्धुक ठोकलं. ती परत आली तेव्हा दोघेही काळ्या ग्रीसने माखले होते आणि मोठं ऑपरेशन करून आल्यासारखे हळू आवाजात बोलत होते.

नोएमीने वाकून पाहिलं. "एकेकच बोल्ट?"

"पुरतो," दानीमामा म्हणाला.

"एका बोल्टवर ते फिरणार, मामा. फिरलं की सैल होणार."

"रबर आहे पोरी. सैल होऊन जाणार कुठे?"

रात्रभर ओला बर्फ पडला. पहाटे नांगर येऊन गेला आणि बनुआच्या अंगणापुढे कमरेएवढी भिंत घालून गेला. जोझे गाडीत जाऊन बसली. दानीमामा रात्री सोफ्यावरच झोपला होता, तो कॉफीचा मग घेऊन पायरीवर आला. बनुआने दोरी ओढली आणि यंत्र भिंतीत घातलं.

यंत्राने लगदा खाल्ला. नुसता खाल्ला नाही, फेकला. राखाडी कमान सोंडेतून निघाली, रस्ता ओलांडून गेली आणि फादरांच्या अंगणात देव्हाऱ्यासारख्या उभ्या पुरलेल्या जुन्या आंघोळीच्या टबात जी मेरीची मूर्ती होती, तिच्यावर जाऊन धपकन कोसळली.

खिडकी उघडली. "बनुआ, आईसाहेब गळ्यापर्यंत गेल्या."

"काढतो, फादर," बनुआ म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत आपण कुणाच्या तरी अंगणापर्यंत पोचू असं त्याला वाटलं नव्हतं.

जोझेची गाडी वेळेआधी बाहेर पडली. जाता जाता तिने काच खाली करून नवऱ्याचा गारठलेला गाल ओढला. "काठी नको," ती म्हणाली. गोष्ट इथे संपायला कुणाचीच हरकत नव्हती.

पण उताराच्या वरच्या टोकाला गोद्रोचा ट्रॅक्टर दिसला. बनुआचं अंगण साफ झालं होतं, कडेला लगद्याचा एक ढीग तेवढा उरला होता. बनुआने यंत्र त्या ढिगाकडे वळवलं आणि सोंड उंच केली. मग वेगाचा खटका, ज्याच्या एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा काढलेला असतो, कासवावरून सरकवायला लागला.

"बाबा, ससा नको," पायरीवरून नोएमी म्हणाली.

"बघू दे त्याला जरा."

"दाखवा, दाजी," दानीमामा म्हणाला.

गोद्रो खरंच बघायला थांबला. बनुआने खटका सशावर नेला. कमान वर चढली, गोद्रोने कौतुकाने मान मागे नेली, आणि आत कुठेतरी टक् असा बारीक आवाज झाला. काहीतरी काळं बाहेर पडलं. नोएमीचा डावा हात सवयीने आपोआप वर गेला, पण ते तिच्याकडे येतच नव्हतं. ते ट्रॅक्टरच्या पुढच्या काचेतून आत गेलं, आणि काच क्षणभर विचार करून सगळीच्या सगळी गोद्रोच्या मांडीवर उतरली.

गोद्रो खाली आला. त्याच्या हातात अर्धी चकती होती. "ही तुमच्यापैकी कुणाची?"

नोएमीने ती घेतली आणि ग्रीस बोटाने पुसलं. खाली पांढऱ्या रंगात तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'नोएमी. शून्य गो'. पुढचा 'ल' दुसऱ्या अर्धुकात राहिला होता.

"मामा. ही माझ्या कपाटावरची आहे."

"बादलीतली एक तडकलेली निघाली," दानीमामा मगात बघत म्हणाला. "आणि ही तुझ्याकडे नुसती पडून होती."

"अख्ख्या मॅचमध्ये ही एकदाही आत गेली नव्हती, मामा. तुमच्या हातात अर्धी आली आणि पहिल्याच फटक्यात गोल."

दानीमामाला एकदम आठवलं की त्याची बस आहे. त्या गल्लीत बस येत नसे.

काच बाहेरगावाहून यायची होती. समोर काच नसलेला ट्रॅक्टर त्या थंडीत चालवला तर गोद्रोचं नाकच गळून पडलं असतं, आणि गल्लीतल्या गिऱ्हाइकांनी तर पैसे भरलेले. गोद्रोने बनुआकडे पाहिलं, मग यंत्राकडे, मग रस्त्यापलीकडे गाडल्या गेलेल्या मेरीकडे.

"फेक चांगली आहे रे," तो म्हणाला. "काच येईपर्यंत माझी अंगणं तू करायचीस. आपण पोलिसांना मध्ये घ्यायला नको." त्याने ट्रॅक्टरमधून नारिंगी जाकीट काढून बनुआच्या हातात दिलं. "एकच नियम. गिऱ्हाइकाच्या अंगणात चर्च काढायचं नाही. लोक तक्रार करतात."

त्या दुपारी नोएमीने दुकानातून तयार पट्ट्या आणल्या आणि पात्याला दोन-दोन बोल्ट लावून बसवल्या. कागद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला, तोही दोनदा. यंत्र पुन्हा कधी तुंबलं नाही. बनुआ रोज अंधारात उठायचा, जाकीट घालायचा आणि उताराच्या वरच्या टोकापासून सुरुवात करायचा. एकेक अंगण लख्ख व्हायचं. त्याचं स्वतःचं घर उताराच्या तळाशी होतं, आणि त्याच्यापुढे काठी नव्हती, म्हणून ते सगळ्यात शेवटी.

गुरुवारी जोझे भिंतीच्या आत गाडीत बसून राहिली. वरच्या अंगाला नवरा शेजाऱ्यांचा बर्फ किती सुंदर फेकतो ते तिने काचेतून पाहिलं. तिने भोंगा वाजवला नाही. फोन काढला.

दुपारी बनुआ रंगाच्या दुकानात कामावर असताना गोद्रोचा फोन आला. "तुझ्या गल्लीत नवीन गिऱ्हाईक मिळालंय. घरी जाताना काठ्या रोवून जा. आणि त्या बाई नर्स आहेत, घाईत असतात. उद्यापासून त्यांचं अंगण सगळ्यात आधी."

"नाव काय?"

"मालते," गोद्रो म्हणाला आणि जरा खोकला.

संध्याकाळी बनुआ आपल्याच अंगणाच्या तोंडाशी हातोडा घेऊन उभा राहिला. पहिली काठी गोठलेल्या बर्फात शिरेना. हातोडा सटकला आणि अंगठ्यावर बसला. समोरची खिडकी लगेच उघडली. फादर क्लेमाँ कोपर टेकून, कान पुढे करून वाट बघू लागले.

बनुआने तोंड उघडलं. चषक जिभेवर आला होता. मग त्याला अंगातलं जाकीट दिसलं, समोरची काठी दिसली, आणि त्याने तोंड मिटलं.

"काय झालं?" फादरांनी विचारलं.

"गिऱ्हाइकाचं अंगण आहे, फादर."

घराची खिडकी उघडली. जोझेने डोकं बाहेर काढून काठीकडे नीट पाहिलं.

"अहो भाऊ," ती म्हणाली, "जरा डावीकडे घ्या ना."