कबुतरं आणायला मुदखेडला

कबुतरांतलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या मराठवाड्यात कुणाला कळत नाही, असं आनंदराजचं स्वतःचंच मत होतं. मुदखेड जंक्शनवर बत्तीस वर्षं पॉइंट्समन म्हणून गाड्या वळवलेला माणूस! रिटायर झाला, रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागलं, आणि अकरा कबुतरं टोपल्यात घालून तो लातूरला लेकाच्या फ्लॅटवर आला. बायको महामाया त्याआधी चार महिने वारली होती.

"मामा, ही सोडली की मुदखेडला पळतील बघा," सून पुनम म्हणाली.

"कशाची पळतात! महिनाभर बाल्कनीत जाळी लावून कोंडायची. नवं घर अंगवळणी पडतं. मग हाकललं तरी जात न्हाईत!"

महिनाभर बाल्कनी कबुतरांची झाली. खालच्या मजल्यावरच्या क्लासवाल्या सरांच्या टकलावर दोनदा प्रसाद पडला, सर दोनदा भांडायला वर आले! आनंदराज रोज ज्वारी टाकायचा आणि जाळीला टेकून बाहेर बघत बसायचा. आपल्याकडं अकरा न्हाई, बारा कबुतरं हायेत, असं पुनमला वाटू लागलं होतं.

एकतिसाव्या दिवशी सकाळी त्यानं जाळी काढली. कबुतरांनी बिल्डिंगवर एक गिरकी घेतली, दुसरी घेतली आणि सगळी नांदेडच्या दिशेनं दिसेनाशी झाली!

पुनमनं केरसुणी घेतली आणि रिकामी बाल्कनी झाडायला लागली. तेच जास्त लागलं.

"टोपलं दे इकडं," आनंदराज म्हणाला. "क्वार्टरवरच बसली असतील. घेऊन येतो."

खरं म्हणजे त्याच्या आवाजात दुःख कमी आणि घाईच जास्त होती.

नांदेडला बस बदलून तो दुपारी मुदखेडला उतरला. पोटात अन्न नाही, वर ऊन तापलेल्या तव्यासारखं. पाय आपोआप चालत राहिले. फाटकाची कडी जराशी उचलून डावीकडं ढकलावी लागते, ती त्यानं तशीच ढकलली. चपला काढल्या, आत खुर्चीत टेकला आणि डोळे मिटून हाक मारली, "माया, पाणी आण गं!"

पाणी आलं नाही. लाटणं आलं!

"कोण हो तुम्ही? घरात कसे घुसलात?"

आनंदराजनं डोळे उघडले. भिंत निळी होती ती हिरवी झालेली, आणि समोर एक अनोळखी बाई. तो इतका गोंधळला की त्यानं तिलाच विचारलं, "तू कोण?"

मग काय! "चोर! चोर!" शेजारपाजारची माणसं धावली. जुनी ड्युटीवर गेलेली; ही सगळी नव्या भरतीची, ओळखीचं एक तोंड नाही! एकानं टोपलं उचललं.

"बघा, भांडी न्यायला टोपलं बी आणलंय!"

"कबुतरं न्यायला आलोय," आनंदराज म्हणाला.

"पिऊन आलाय!" दुसऱ्यानं निकाल दिला.

तेवढ्यात त्या बाईचा नवरा रविकिरण ड्युटीवरून पळत आला आणि दारातच थबकला.

"अरे, सोडा! उस्ताद हायेत हे. मला काम यांनीच शिकवलं. ह्याच क्वार्टरात राहत होते!"

गर्दी हिरमुसून पांगली. त्या बाईनं, शिल्पानं, लाटणं लपवलं आणि तांब्याभर पाणी आणून दिलं. ते आनंदराज घटाघटा प्यायला.

"कबुतरं आली का रे माझी?"

"न्हाई उस्ताद. एक बी न्हाई."

अंगणात जाऊन त्यानं छपराकडं बघितलं. तिथं टीव्हीची छत्री होती, बाकी काही नव्हतं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पुनम होती, आनंदानं ओरडत होती.

"मामा! अकराच्या अकरा परत आली! बाल्कनीत बसून दाणे मागून राहिलीत! तुमचंच खरं निघालं. कुठं आहात तुम्ही?"

आनंदराजची नजर उघड्या दारातून आत गेली. चूल होती त्या जागी आता गॅस होता, त्यावर कुणाचं तरी कालवण शिजत होतं.

"घरीच हाय की," तो बोलून गेला.

रविकिरणनं मान दुसरीकडं वळवली. शिल्पा पदराशी चाळा करत राहिली.

"म्हंजे..." आनंदराज फोनमध्ये पुटपुटला, "निघून राहिलो."